वाटेवरची बैठक

गेल्या डिसेंबरात आमच्या मंडळीतील शब्बाथशाळेचे काही शिक्षक आणि मोठ्या वर्गातील मुले यांना घेऊन आम्ही मांडू पाहावयास गेलो होतो. इंदूरहून निघून धारेस थोडे थांबलो. धार म्हणजे पवारांची गादी, त्यामुळे तेथे अजूनही एखादी मराठी पाटी दिसते आणि म्हातारी माणसे आपल्याशी मराठीत बोलतात. तेथून पुढे घाट चढून दिल्ली दरवाजाकडून वर पोहोचलो. मुलांनी जहाज महाल पाहिला, रूपमतीच्या सज्जावरून खाली निमाडचा सपाट मुलूख पाहिला आणि दुपारी आम्ही सारे गावाच्या चौकात आलो. तेथे एका बाजूस जामी मशिदीच्या उंच पायऱ्या, तिच्या मागे होशंगशहाची संगमरवरी कबर, समोर अशर्फी महालाच्या रुंद पायऱ्या आणि या सर्वांच्या मधून जाणारा रस्ता. बस वळते ती तेथेच, चहाची दुकाने तेथेच, आणि गोरखचिंचेची भोपळ्याएवढी फळे जमिनीवर मांडून बसलेल्या आदिवासी बायाही त्याच रस्त्याच्या कडेला.

आम्ही एका चहाच्या दुकानापुढील बाकड्यावर बसलो. थकलो होतो, म्हणून पाय लांब केले. एवढ्यात डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेला एक म्हातारा कडेकडेने आला. आमचे पाय, त्यापुढे मुलांच्या पिशव्या आणि पलीकडे फळांचा ढीग पाहून तो क्षणभर थबकला आणि मग काही न बोलता मधल्या रस्त्यावर उतरून, वळणाऱ्या बसच्या पुढून वळसा घालून पलीकडे गेला. बसवाल्याने भोंगा वाजविला तो त्या म्हाताऱ्यासाठी. आम्ही मात्र चहा पीत होतो.

ही गोष्ट इतकी लहान की सांगावी असेही वाटले नसते. परंतु आमच्या मनात दुसरी एक गोष्ट कित्येक महिने सलत होती. ती या म्हाताऱ्याने पुन्हा उकरून काढली.

ती अशी. आमच्या गावचे नाव येथे लिहीत नाही. आमच्या मंदिराच्या फाटकाबाहेर फूटपाथ आहे आणि त्या फूटपाथावर फाटकाला लागूनच एक बाई पेरू, बोरे, भुईमुगाच्या शेंगा अशी हंगामाप्रमाणे पाटी मांडून बसत असे. किती वर्षे बसत होती, हे मंडळीतील कोणालाच नक्की सांगता येत नाही. शब्बाथशाळा सुटली की मुले प्रथम तिच्याकडे धावत. आमच्या शब्बाथशाळेत एक वृद्ध शिक्षक आहेत. त्यांना आम्ही सर्वजण गुरुजीच म्हणतो. त्यांची दृष्टी बरीच मंद झालेली आहे. एका रविवारी पाटीला वळसा घालण्यासाठी ते फूटपाथावरून खाली उतरले आणि मागून येणाऱ्या सायकलीचा धक्का लागून पडले. मनगटाचे हाड मोडले. पुढच्याच आठवड्यात पंच कमिटीची सभा झाली आणि नगरपालिकेला अर्ज करावा असे ठरले. तो अर्ज आम्ही लिहिला. कमिटीत कायद्याची भाषा लिहिता येणारे आम्हीच, असा आमचा थोडासा लौकिक आहे आणि तो आम्हांला आवडतो, हेही येथे कबूल करावे.

अर्जात आम्ही मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्याचा आधार घेतला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील फेरीवाल्यांसाठी काही बंधने घातली होती. बसण्यास एक मीटर लांब व एक मीटर रुंद एवढीच जागा, आणि प्रार्थनास्थळ, शाळा व रुग्णालय यांच्यापासून शंभर मीटरांच्या आत विक्री नाही, अशी त्यांतली दोन होती. ती बंधने मुंबई शहरापुरती होती, आमच्या गावाशी त्यांचा थेट संबंध नव्हता. पण "शंभर मीटर" हे शब्द भारदस्त वाटले, म्हणून आम्ही ते घातले. चार दिवसांत गाडी आली. बाईला सामान उचलावयास किती वेळ मिळाला, हे पाहण्यास आमच्यापैकी कोणीही हजर नव्हते.

पुढे दोन महिन्यांनी उपकारस्तुतीचा सण आला. धान्य, भाजीपाला, कोंबड्या, मुलांनी केलेल्या वस्तू यांचा लिलाव आवारात ठेवला. आवार अपुरे पडले तेव्हा मंडप फाटकाबाहेर वाढविला, फूटपाथावर चाळीसएक खुर्च्या मांडल्या आणि चहाफराळाचे टेबलही तेथेच लावले. त्या दिवशी गुरुजी आले तेव्हा त्यांना पुन्हा फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरावे लागले. ते काही बोलले नाहीत. प्लास्टर काढलेला हात छातीशी धरून, एकेक पाऊल चाचपीत, खुर्च्यांच्या रांगेच्या बाहेरून ते फाटकापर्यंत आले आणि आमच्यापैकी एकाने पुढे होऊन त्यांना मोठ्या आदराने एक खुर्ची दिली.

तेव्हापासून आम्ही स्वतःला विचारीत आहोत की हा फूटपाथ आहे कोणाचा? चालणाऱ्याचा, बसणाऱ्याचा, विकणाऱ्याचा, की ज्याचा अर्ज अगोदर पोहोचतो त्याचा?

कायद्याला हा प्रश्न नवा नाही. १९८१ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने मुंबईच्या फूटपाथांवर राहणाऱ्या लोकांना हटविण्याचे जाहीर केले तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १० जुलै १९८५ रोजी पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. तो ओल्गा टेलिस खटला म्हणून प्रसिद्ध आहे. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आपल्या पुण्याचे. त्या निकालात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक ही की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, कारण पोटाचे साधन काढून घेतले तर जगणे काढून घेतल्यासारखेच होते. दुसरी ही की तरीही फूटपाथ अडवून राहण्याचा हक्क कोणालाही नाही; तो चालणाऱ्यांसाठी आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात पूर्वसूचनेवाचून अतिक्रमण हलविण्याचा अधिकार आहे खरा, पण तो अधिकार म्हणजे सूचना न देण्याची आज्ञा नव्हे, माणसाचे म्हणणे ऐकून घेणे हाच नियम होय, असेही न्यायालयाने सांगितले. आणि पावसाळा चालू होता म्हणून ३१ ऑक्टोबरपर्यंत कोणाला हलवू नये असे ठरविले. निकाल देताना न्यायाधीशांनी आभाळाकडे पाहिले, ही गोष्ट आम्हांला फार मोठी वाटते. आमच्या कमिटीने अर्ज केला तेव्हा पाऊसच होता.

पुढे २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी देशभर लागू होणारा कायदा आला. त्यानुसार प्रत्येक नगरपालिकेने शहर पथविक्रेता समिती नेमावयाची, तिच्यात किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले विक्रेतेच असावयाचे, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. पाहणी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवावयाचे नाही आणि त्यानंतरही उठवावयाचे तर तीस दिवसांची सूचना द्यावयाची. हा कायदा आम्हांला ठाऊक नव्हता असे नाही. तो आमच्या अर्जाला सोयीचा नव्हता, म्हणून त्याचा उल्लेख झाला नाही.

दुसऱ्या बाजूस, २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अडथळा नसलेल्या फूटपाथावरून चालता येणे हादेखील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि राज्यांनी त्यासाठी, अपंगांनाही चालता येईल अशा रीतीने, नियम करावेत. म्हणजे राज्यघटनेच्या एकाच कलमात पाटीवाली बाई बसली आहे आणि आमचे गुरुजीही त्याच कलमातून चालत आहेत. मग वळसा कोणी घालावा?

पवित्र शास्त्रातही हे दोघे असेच जवळजवळ आढळतात. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे की पीक कापताना शेताचे कोपरे अगदी शेवटपर्यंत कापू नयेत, ते गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावेत. आणि त्याच अध्यायात, चार-पाच वचने पुढे, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये अशी आज्ञा आहे. शब्बाथशाळेत या दोन्ही आज्ञा आम्ही अनेकदा शिकविल्या, पण एकाच वेळी कधी शिकविल्या नाहीत. शेतात त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. फूटपाथावर मात्र येतात. गरिबासाठी कोपरा सोडावा तर तोच कोपरा आंधळ्याला अडखळण होतो.

यावर पुष्कळ विचार केल्यावर आम्हांला एक गोष्ट दिसू लागली. बवाजाने रूथसाठी जे सोडले ते स्वतःच्या शेतातले सोडले. शेजाऱ्याच्या शेतातला कोपरा दाखवून, "जा बाई, तेथे वेच," असे तो म्हणाला असता तर त्याला उदार कोण म्हणेल? आम्ही जेव्हा "गरीब बिचारी, बसू द्या तिला फूटपाथावर," असे म्हणतो, तेव्हा आम्ही गुरुजींच्या वाटेतले तीन फूट दान करीत असतो. आमचे स्वतःचे काही जात नाही. आणि उलट, "वाट मोकळी झालीच पाहिजे," असे जेव्हा म्हणतो तेव्हाही किंमत दुसराच कोणी मोजतो, आपल्या दोन वेळच्या भाकरीने. आमची दया आणि आमची शिस्त दोन्ही परक्याच्या खिशातून चालल्या होत्या.

इंदूरच्या सराफ्याची आठवण येथे होते. दिवसभर तेथे सोन्याचांदीची दुकाने चालतात. रात्री ती बंद झाली की त्यांच्याच पुढे, त्यांच्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या आणि कढया लागतात, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत माणसांची दाटी असते. सराफांना त्यात आयती राखण मिळते असे तेथे सांगतात, असेल. दातृत्वात थोडा स्वार्थ मिसळला म्हणून ते विटाळते असे आम्हांला वाटत नाही. गर्दी तेथेही होते आणि चालणाऱ्याचे हाल तेथेही होतात, पण दुकानदार आपल्या दारची जागा आपण वापरीत नाही त्या वेळी दुसऱ्याला वापरू देतो, एवढे तरी त्यात आहे.

आता अलीकडे मोठ्या शहरांतून निराळीच मांडणी दिसते. हॉटेलवाले फूटपाथावर टेबलखुर्च्या मांडतात, चार कुंड्या ठेवून हद्द आखतात आणि त्याला उघड्यावरील बैठक म्हणतात. हे परदेशात फार आहे. इंग्लंडमध्ये २०२० साली, साथीच्या काळात हॉटेले जगावीत म्हणून, अशा बैठकीचा परवाना झटपट देण्याचा कायदा झाला आणि २०२४ च्या मार्चअखेर ती व्यवस्था कायमची करण्यात आली. नव्या परवान्याला जास्तीत जास्त पाचशे पौंड आणि नूतनीकरणाला साडेतीनशे पौंड फी घ्यावी, अशी मर्यादा घातली गेली. मात्र त्याबरोबर हेही सांगितले गेले की चालणाऱ्यांसाठी साधारणपणे दीड मीटर रुंद वाट मोकळी राहिलीच पाहिजे, कारण तेथील अंध लोकांना या खुर्च्यांचा त्रास होतो. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमावलीत मोकळ्या फूटपाथाची रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, धरली आहे. कागदावर आपण इंग्रजांच्याही एक फूट पुढे आहोत.

फी भरली म्हणजे फूटपाथ अडविण्याचा दोष जातो काय? आम्हांला तसे वाटत नाही. भुईभाडे नगरपालिकेला मिळते, वळसा म्हाताऱ्याला पडतो. नगरपालिका ही फूटपाथाची मालक नव्हे, ती कारभारी आहे, आणि कारभाऱ्याने धन्याच्या वस्तूचे भाडे घेताना धनी कोण आहे ते आठवावे. या बाबतीत मांडूचीच एक जुनी हकिकत आहे. १६१७ साली जहांगीर बादशहाचा मुक्काम मांडूस होता आणि इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो व त्याचा पाद्री एडवर्ड टेरी हे दोघेही त्याच्या मागोमाग तेथे आले होते. रोच्या रोजनिशीत डोंगरावरील पाण्याच्या हालांचे वर्णन आहे. होते ते पाणी मोठमोठ्या माणसांकडे गेलेले, आणि परदेशी वकिलालादेखील एका सरदाराच्या मेहेरबानीने रोजचे मोजके पाणी मिळत असे. जो वकील नव्हता त्याने काय केले असेल? राज्यकर्त्याने सर्वांची वस्तू एकाच्या नावे करून दिली की बाकीच्यांना ती कृपा म्हणून मागावी लागते.

तरीही खुर्चीची आम्हांला एक बाजू घ्यावीशी वाटते. रस्ता म्हणजे केवळ येथून तेथे जाण्याची नळी नव्हे. जखऱ्या संदेष्ट्याने यरुशलेमेच्या बऱ्या दिवसांचे जे चित्र पाहिले त्यात सैन्य नाही, सोने नाही. वयामुळे हातात काठी आलेले म्हातारे व म्हाताऱ्या चौकांत बसलेल्या आहेत आणि रस्त्यांत मुलेमुली खेळत आहेत. नगर सुखी आहे हे ओळखण्याची त्याची खूण हीच, की अशक्त माणूस उघड्यावर निर्धास्त बसू शकतो. त्या म्हाताऱ्यांनी काही विकत घेतले होते असे तेथे लिहिलेले नाही. आपल्या शहरांत आज काही विकत न घेता बसावयाचे म्हटले तर कोठे बसावे? चहा संपला की बाकडे सोडावे लागते. मांडूच्या त्या चौकात अशर्फी महालाच्या पायऱ्यांवर माणसे नुसती बसलेली होती, काही झोपलीही होती, आणि कोणी बिल घेऊन येत नव्हते, हे पाहून बरे वाटले.

पूर्वी गावात पार होता, चावडी होती, तेथे कोणीही बसे, असे आपण मोठ्या ओढीने म्हणतो. येथे थोडे सांभाळले पाहिजे. कोणीही बसत नसे. या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आज्या-पणजोबांना त्या पारावर बसण्याची, किंबहुना त्याच्या जवळून जाण्याचीही, मुभा नव्हती. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून सर्वांना खुले केले होते. ठराव झाला, पण पाणी कोणाला मिळाले नाही. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉक्टर आंबेडकर हजारो लोकांना घेऊन त्या तळ्यावर गेले तेव्हा कोठे ते ओंजळभर पाणी उचलले गेले, आणि त्यानंतरही कोर्टकचेरी संपावयास १९३७ साल उजाडले. सार्वजनिक हा शब्द लिहिणे सोपे आहे. ज्यांच्या घराण्यांनी तो शब्द खोटा ठरताना पाहिला, त्यांनी फाटकाबाहेरच्या एका बाईला चार दिवसांत उठवून लावावे, ही गोष्ट आमच्या वडिलांना कळली असती तर ते काय म्हणाले असते, याची कल्पना आम्ही करू शकतो. म्हणूनच करीत नाही.

कोणी म्हणतील, गुरुजींचे मनगट मोडले ते काही खोटे नव्हते. खोटे नव्हतेच. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसे मेली, आणि पुढे नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकांपासून दीडशे मीटरांत विक्री नको असे ठरविले. अरुंद जागेत अडथळा जीव घेऊ शकतो. आम्ही एवढेच म्हणतो की अडथळा कोणता आणि कितीचा, हे टेपने मोजावे. ज्याचा राग येतो त्याच्यावरून ठरवू नये. आम्ही बाईची पाटी मोजली नाही आणि आमच्या खुर्च्याही मोजल्या नाहीत. चाळीस खुर्च्यांपुढे एक पाटी ती काय!

बार्तीमय यरीहोच्या वाटेच्या कडेला बसला होता हे आपल्याला ठाऊक आहे. त्याला गप्प करणारे लोक कोणी दुष्ट नव्हते. ते प्रभूच्या मागे चालणारे, वाट नीट चालावी अशी इच्छा असणारे होते. पंच कमिटीत ते सहज निवडून आले असते. प्रभू तेथे थांबला आणि त्याच्याबरोबर सारी मिरवणूक थांबली. आम्ही या गोष्टीवर निदान सहा वेळा उपदेश केला असेल, आणि दर वेळी स्वतःला बार्तीमयाच्या जागी ठेवून.

मांडूहून परत आल्यावर आम्ही व गुरुजींचा नातू असे दोघांनी एका सकाळी फूटपाथ मोजला. मंदिराच्या कुंपणभिंतीपासून कडेच्या दगडापर्यंत सात फूट एक इंच भरले. १.८ मीटर म्हणजे पाच फूट अकरा इंच वाट सोडली तर उरतो एक फूट दोन इंच. त्यात माणूस उभा राहू शकतो, पाटी घेऊन बसू शकत नाही. बसण्याची जागा, एक मीटर म्हणजे तीन फूट तीन इंच, ती आमच्या भिंतीच्या आतूनच निघाली पाहिजे. फाटकाच्या डाव्या हाताला जेथे नोटीस बोर्ड आहे तेथे भिंत तेवढी आत घेतली तर एक कोनाडा होतो. बाई कोनाड्यात बसेल, गिऱ्हाईक एक फूट दोन इंचांत उभे राहील आणि गुरुजींची वाट मोकळी राहील. गवंड्याने खर्च काढून दिला आहे. गेल्या उपकारस्तुतीच्या लिलावात जे जमले त्याच्या निम्म्याहून कमी आहे.

कमिटीत यावर मतभेद आहेत. मंदिराची जागा दुकानाला द्यावी काय, उद्या दहाजण मागतील, कबुतरे विकणाऱ्यांना प्रभूने मंदिरातून बाहेर काढले होते त्याचे काय, असे प्रश्न निघाले. शेवटचा प्रश्न हलका नाही. आमचे उत्तर असे की ते विकणारे प्रार्थनेच्या अंगणात बसून यात्रेकरूंच्या भक्तीवर कमाई करीत होते. ही बाई पेरू विकते, आणि कोनाड्याचे तोंड रस्त्याकडे आहे. पण हे उत्तर सर्वांना पटले नाही, आणि दहाजण मागतील या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तरच नाही. मंडप यापुढे फाटकाबाहेर घालावयाचा नाही, एवढे मात्र एकमताने झाले.

बाई सध्या एस्टी स्टँडच्या मागच्या भिंतीशी बसते. आम्ही जाऊन भेटलो. अर्ज कोणी लिहिला होता ते तिला सांगितले. तिने थोडा वेळ आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "म्हातारबाबांचा हात बरा झाला का?" झाला म्हणालो. मग कोनाड्याचे सांगितले. ती म्हणाली, "बांधून होऊ द्या, मग बघू." भिंतीचा विषय पुढील सभेच्या कामकाजात सातवा आहे, आणि आमच्या सभा बहुधा पाचव्या विषयावरच संपतात, म्हणून तो पहिला घ्यावा असे पत्र आम्ही चिटणिसांना दिले आहे.